जुन्या संगणकांची बोली आणि न्हावा-शेव्याचा एक दिवस



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसानं फाइल सर्व्हरवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. पण "सर्व्हर डाऊन आहे" हे वाक्य आता पुरतं मराठी झालेलं आहे. कुठल्याही खिडकीवर जा, ते ऐकायला मिळतं. पूर्वी त्या जागी "साहेब जेवायला गेलेत" हे वाक्य असायचं. फरक इतकाच की साहेब जेवून परत यायचे, आणि ते कुठे गेलेत हे शिपायाला तरी ठाऊक असायचं. "सर्व्हर डाऊन आहे" या वाक्यात कर्ता आहे, क्रिया आहे, पण कारण नाही. आणि कारण नसलेलं वाक्य समोर आलं की आमच्यासारख्या माणसाला गप्प बसवत नाही.

आज आपण दोन गोष्टी बोलू. एक, जुने डेस्कटॉप संगणक आणि त्यांचे फाइल सर्व्हर यांचं जमत का नाही, किंवा जमलं तरी काम इतकं रेंगाळत का चालतं. दुसरी, ही वरवर किरकोळ वाटणारी बाब आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर, उरण तालुक्यात, न्हावा-शेव्याला २७ जून २०१७ या दिवशी केवढी मोठी होऊन बसली. दोन्ही गोष्टी एकाच इतिहासाच्या आहेत, असं आमचं म्हणणं आहे.

सुरुवात जरा मागून करू. फाइल सर्व्हर म्हणजे काय? कचेरीतलं सामाईक कपाट. कागद एकाच ठिकाणी, किल्ली सगळ्यांकडे. प्रत्येकाच्या टेबलावरचा संगणक तारेनं त्या कपाटाशी जोडलेला. आता कपाटाशी बोलायचं तर काहीतरी ठरलेली बोली हवी. "अमुक फाइल उघड", "इतका मजकूर दे", "मी लिहितोय, दुसऱ्याला हात लावू देऊ नकोस" अशी. ही बोली १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम या गृहस्थांनी घडवली. पहिल्यांदा त्यांनी तिला स्वतःच्या नावाची आद्याक्षरं दिली होती. पुढे ती बदलली आणि नाव झालं एसएमबी. मायक्रोसॉफ्टनं ती उचलली, वाढवली, आणि विंडोजबरोबर ती जगभरच्या कचेऱ्यांत पोचली. १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी विंडोज नसलेल्या यंत्रांनाही ती बोलता यावी म्हणून स्वतंत्र प्रणाली लिहिली. तिचं नाव सांबा. एस, एम आणि बी ही अक्षरं त्याच क्रमानं येतील असे शब्द त्यांनी शब्दसूचीत शोधले आणि त्यातून हे नाव उचललं, इतकी साधी त्याची कथा आहे.

या बोलीचा जन्म कुठल्या घरात झाला हे लक्षात ठेवा. एक लहानशी कचेरी, एकच तार, पाच-दहा यंत्रं, सगळी एकमेकांच्या ओळखीची. आपल्याकडच्या जुन्या वाड्यासारखं. दार उघडं, कोण आलं-गेलं ते ओटीवर बसलेल्या आजीला दिसतंय. अशा घरात कुलपाची गरज भासत नाही आणि बोलताना घाईही करावी लागत नाही. त्या बोलीच्या पोटात ही दोन गृहीतकं होती: सगळे जवळ आहेत, आणि सगळे भले आहेत. पुढे जे काही बिघडलं, ते या दोन गृहीतकांपैकी एक तरी खोटं ठरल्यामुळे बिघडलं.

आधी "जवळ आहेत" हे घेऊ. जुन्या एसएमबीची सवय अशी, की मागितलेला मजकूर एका वेळी साधारण ६० किलोबाइटच्या घासानं यायचा. घास मागायचा, तो आला की गिळायचा, मग पुढचा मागायचा. एका खोलीत हे छान चालतं. जाण्या-येण्याला एक सहस्रांश सेकंद लागत असेल, तर सेकंदाला हजार घास होतील. तिथे अडचण तारेच्या जाडीची. १०० मेगाबिटच्या तारेवरून ६० मेगाबाइटची फाइल पाच-सहा सेकंदांत येते. आता तोच सर्व्हर दूरच्या शहरात नेऊन ठेवा. जाण्या-येण्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो असं धरू. मग सेकंदाला दहाच घास. म्हणजे ६०० किलोबाइट. तीच फाइल आता शंभर सेकंद घेते. आणि गंमत अशी, की तुम्ही तार दहापट जाड केलीत, दहापट पैसे मोजलेत, तरी शंभर सेकंदच! कारण वेळ वाहून नेण्यात जात नाही, वाट पाहण्यात जातो. मोठ्या संस्थांनी नव्वदच्या दशकानंतर सर्व्हर लांब नेले आणि "लाइन वाढवून घ्या" असं म्हणत राहिले, त्यांच्या पदरात काही का पडलं नाही ते यावरून कळतं. नवी बोली, म्हणजे एसएमबीची दुसरी आवृत्ती, २००६-०७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर आली. तिनं शंभराहून अधिक आज्ञांची जुनी अडगळ १९ आज्ञांवर आणली आणि एकामागून एक अनेक घास आगाऊ मागून ठेवायची सोय केली. पण ती बोली दोघांनाही यायला हवी. टेबलावरचं यंत्र २००१ च्या विंडोज एक्सपीचं असेल तर सर्व्हर कितीही नवा असो, संभाषण जुन्याच बोलीत होणार. नातवाला आजीशी आजीच्याच बोलीत बोलावं लागतं, तसं.

आता दोष शोधायचा कसा, याकडे येऊ. इथे आमचा धंदा उपयोगी पडतो. न्यायशास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणून एक जोडी आहे. कारण असेल तिथे कार्य असतं, हा अन्वय. कारण काढलं की कार्यही जातं, हा व्यतिरेक. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय "हे याचं कारण" असं म्हणायचं नाही. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात जवळजवळ हेच आपल्या पद्धतीनं मांडलं. सगळं सारखं ठेवा, एकच गोष्ट बदला, आणि बघा. आम्ही हे वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. विद्यार्थी परीक्षेपुरतं पाठ करायचे. पण संगणक दुरुस्त करणारा पोरगा येतो तेव्हा काय करतो? तार बदलतो, सेटिंग बदलतो, यंत्र बंद-चालू करतो, सगळं एकदम. चालू झालं की निघून जातो. कशानं चालू झालं हे त्यालाही माहीत नसतं. आठ दिवसांनी पुन्हा फोन.

आमच्या माहितीतली एक पतसंस्था आहे, किनाऱ्यावरच्याच एका गावातली. नाव कशाला घ्या. तिथे फाइल सर्व्हर म्हणून खास यंत्र नव्हतं. विंडोज एक्सपीचा एक साधा डेस्कटॉप कोपऱ्यात ठेवून त्यावर सगळ्या खात्यांच्या फायली होत्या. तक्रार अशी, की सकाळी अकरानंतर खिडकी नंबर चारचा संगणक सर्व्हरला जोडला जात नाही. रोज नाही, अधूनमधून. त्यावर तीन वेळा नवी तार टाकून झाली. मग खिडकी नंबर चारच अपशकुनी, असं ठरलं. कारकून बाई नारळ फोडायला निघाल्या होत्या. आम्ही आठवडाभर एका वहीत फक्त इतकंच लिहायला सांगितलं: जोडणी नाकारली गेली त्या क्षणी एकूण किती संगणक चालू होते? आठवड्यानंतर वही बघितली. प्रत्येक वेळी नकार मिळालेला संगणक अकरावा होता! विंडोज एक्सपी प्रोफेशनल एका वेळी दहाच जणांना आत घेतं, तो त्याच्या परवान्याचाच नियम आहे. घरगुती आवृत्ती तर पाचच जणांना. खिडकी नंबर चारच्या बाई लांबून एसटीनं यायच्या, म्हणून त्यांचा नंबर अकरावा लागायचा. त्यांना लवकर यायला सांगितलं असतं तर अपशकुन दुसऱ्या कुणाच्या तरी खिडकीवर गेला असता. हा अन्वय झाला. मग एक संगणक मुद्दाम बंद केला, चार नंबर लगेच जोडला गेला. हा व्यतिरेक.

असे आणखी नमुने सांगता येतील. जुन्या डेस्कटॉपच्या आत रुपयाएवढी एक बटण-बॅटरी असते, ती यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवते. आठ-दहा वर्षांनी ती संपते. मग सकाळी यंत्र उठतं ते कुठल्या तरी जुन्याच सालात. मोठ्या कचेऱ्यांतला सर्व्हर ओळख पटवताना दोघांची घड्याळं ताडून बघतो, आणि पाच मिनिटांहून जास्त फरक असला तर परवलीचा शब्द बरोबर असूनही आत घेत नाही. माणूस तोच, शब्द तोच, पण काळ निराळा, म्हणून ओळख नाकारली. यावर आम्ही एक स्वतंत्र व्याख्यान देऊ शकतो, पण देत नाही.

किंवा हे बघा. तारेच्या एका टोकाला कुणीतरी हातानं ठरवून ठेवलेलं, "एकाच वेळी बोलायचं आणि ऐकायचं." दुसऱ्या टोकाला स्वतःच ठरवायची मुभा, आणि त्यानं ठरवलं, "आळीपाळीनं बोलायचं." दोघांची गाठ पडते, नमस्कार-चमत्कार होतात, तपासणीचे छोटे निरोप नीट जातात-येतात. माणूस म्हणतो, जोडणी उत्तम आहे. आणि मोठी फाइल मागितली की दोघं एकमेकांवर आदळत राहतात, वेग पार रसातळाला. लहान निरोप पोचतो याचा अर्थ रस्ता ठीक आहे असा होत नाही. जुनी यंत्रं आणि नवे स्विच यांच्या संसारात हा दोष फार दिसायचा.

आणि "नेटवर्क नेबरहूड" नावाची ती शेजाऱ्यांची यादी! जुन्या विंडोजमध्ये ही यादी कोण ठेवणार याची यंत्रं आपापसात चक्क निवडणूक घेत. निवडून आलेलं यंत्र यादी ठेवी. एखादं यंत्र नीट निरोप न घेता बंद पडलं, तर त्याचं नाव यादीतून जायला पन्नासेक मिनिटं लागू शकत. म्हणजे रेशनकार्डावर मेलेल्या माणसाचं नाव राहतं तसं. यादीत नाव दिसतंय, त्यावर क्लिक केलं तर उत्तर नाही. उलटपक्षी, नुकतं चालू झालेलं यंत्र यादीत नाही, पण नाव टाइप करून हाक मारली तर ओ देतं. नाव असणं आणि वस्तू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्ही पदार्थविचारात शिकवत होतो; कचेरीतल्या कारकुनाला ते अनुभवानं कळलेलं होतं.

ही सगळी दुखणी चिडचिडीची आहेत, जिवावरची नाहीत. कारण इथे फक्त "जवळ आहेत" हे गृहीतक मोडलं होतं. आता दुसरं घेऊ: "सगळे भले आहेत."

जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. त्या जमिनीचा इतिहास, जानेवारी १९८४ मधलं जासईचं आंदोलन, दि. बा. पाटील, गोळीबारात गेलेले पाच जण, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आज तो विषय नाही. बंदरात अनेक टर्मिनलं आहेत. त्यातलं एक, गेटवे टर्मिनल्स इंडिया, २००६ पासून चालू आहे आणि ते चालवणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली आहे. २०१७ मध्ये वर्षाला १८ लाख कंटेनरांची त्याची क्षमता होती. म्हणजे कोपनहेगनच्या कचेरीतला संगणक आणि उरणच्या खाडीजवळचा संगणक एकाच संसारातले. एकाच वाड्यातले म्हणा ना.

कंटेनरचं टर्मिनल कसं चालतं हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एकावर एक रचलेल्या हजारो पेट्या, सगळ्या जवळपास सारख्या. पेटीवर क्रमांक असतो, पण आत काय आहे, कुणाचं आहे, जकात भरली का, कुठल्या जहाजावर जायचंय, आणि मुळात ती पेटी या डोंगरात कुठल्या थरात आहे, हे पेटीला बघून कळत नाही. ते फक्त संगणकातल्या नोंदीत असतं. क्रेनवाल्याला खालची पेटी काढताना वरच्या तीन पेट्यांचं काय करायचं हेही तीच नोंद सांगते. नोंद गेली की पेटी गेली नाही, ती तिथेच उभी आहे. पण ती आहे म्हणून काही उपयोग नाही. वस्तू आहे, ज्ञान नाही.

२७ जून २०१७ ला युक्रेनमध्ये सुरुवात झाली. तिथल्या असंख्य कंपन्या करविषयक कामासाठी एम-ई-डॉक नावाची एक प्रणाली वापरत, आणि तिच्या अद्ययावत आवृत्तीतूनच हल्लेखोरांनी आपलं हत्यार सोडलं. त्याला नॉटपेट्या म्हणतात. वरकरणी खंडणीचा देखावा, पण पैसे देऊनही फायली परत मिळण्याची सोय नव्हती. नाश करणं हाच हेतू होता. पुढे ब्रिटन आणि अमेरिकेनं यासाठी रशियाच्या लष्कराला जबाबदार धरलं, रशियानं ते नाकारलं. आत शिरल्यावर ते एका यंत्रातून दुसऱ्यात कसं गेलं, हे आपल्या विषयाचं मर्म आहे. एक वाट होती जुन्या एसएमबीतल्या दोषाची. हा दोष अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला ठाऊक होता, तिनं त्यावर हत्यारही बनवलं होतं. ते चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये उघड्यावर आलं. मायक्रोसॉफ्टनं त्याआधीच, १४ मार्चला, ठिगळ दिलं होतं. मे महिन्यात वॉनाक्राय याच वाटेनं येऊन गेला होता. म्हणजे सूचना मिळालेली होती, एकदा नव्हे, दोनदा.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ती वर्तमानपत्री कथेत गळते. ठिगळ लावलेली यंत्रंही पडली. कारण दुसरी वाट अशी: एका यंत्राच्या स्मृतीत राहिलेले अधिकाऱ्यांचे परवलीचे शब्द काढून घ्यायचे आणि त्यांच्या जोरावर शेजारच्या यंत्रात राजरोस, दारातून शिरायचं. एकच ठिगळ न लावलेलं यंत्र, त्यावर कधीतरी अधिकाऱ्यानं केलेलं लॉगिन, आणि सगळा वाडा उघडा. दोष एका जुन्या यंत्राचा नव्हे. सगळे भले आहेत असं मानून बांधलेल्या वाड्याचा.

मर्स्कच्या ७६ टर्मिनलांपैकी १७ टर्मिनलांना याचा फटका बसला. त्यात न्हावा-शेव्याचं होतं. कामकाज थांबलं. पावसाळ्याचे दिवस, बाहेर ट्रेलरच्या रांगा. बंदर प्रशासनाला अडकलेल्या पेट्या आणि गाड्या कुठे उभ्या करायच्या याची सोय बघावी लागली. न्हावा-शेव्यावर कुणीही हल्ला केला नव्हता, हे ध्यानात घ्या. इथल्या ट्रेलरवाल्याचं युक्रेनशी काय देणं-घेणं? तरी रांगेत तोच उभा. आमच्या मते या प्रकरणातली सगळ्यात कमी लिहिली गेलेली बाजू ही आहे. कंपनीनं आपलं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर असल्याचं जाहीर केलं. रांगेत उभ्या राहिलेल्यांच्या बुडालेल्या खेपांचा हिशेब कुठल्या ताळेबंदात नाही.

कंपनीच्या अध्यक्षांनी पुढच्या जानेवारीत दावोसला जे आकडे सांगितले ते असे: ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० प्रणाली दहा दिवसांत नव्यानं उभ्या केल्या. त्या दहा दिवसांत कामाचं प्रमाण २० टक्क्यांनीच घटलं. म्हणजे ८० टक्के काम माणसांनी कागद, फोन आणि मिळेल त्या साधनानं रेटलं. आणि एक गोष्ट अशी, की कोकणी माणसानं ऐकून हसावं. कोण कर्मचारी, कुणाला कशाची परवानगी, ही सगळी वंशावळ ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर जगभर होते. ते एकमेकांच्या प्रती ठेवत, म्हणून एक गेला तरी दुसरा असायचा. पण सगळे एकदम जातील असं कुणी धरलं नव्हतं. सगळे गेले. एकच वाचला, घाना देशातला. का वाचला? हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती! महावितरणला आपण आयुष्यभर शिव्या घालतो, पण वीज जाण्याचाही कधी उपयोग होतो. पुढची अडचण आपल्या विषयातलीच आहे. घानाची लाइन इतकी बारीक, की तो मजकूर इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. तिथल्या माणसांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण डिस्क घेऊन विमानानं नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली, आणि त्यानं ती लंडनला नेली. जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एकीची सगळी वंशावळ पिशवीतून आली.

यानंतर मायक्रोसॉफ्टनं जुनी बोली मिटवायला घेतली. तशी सूचना ते आधीही देत होते. २०१७ च्या शरद ऋतूतल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्यानं बसवलेल्या यंत्रांत जुनी एसएमबी आपोआप येईनाशी झाली. आणि आधीपासून असली, पण यंत्र चालू असताना पंधरा दिवस वापरली गेली नाही, तर ती निघून जाऊ लागली. निर्णय योग्यच होता, उशिराच झाला. पण त्याचा परिणाम कुठे झाला? मोठ्या कंपनीत नव्हे. तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात, शाळेच्या ऑफिसात, वकिलाच्या कचेरीत. कालपर्यंत फायली देणारा एक्सपीचा संगणक आज दिसेना. स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकणारं यंत्र मुकं झालं. पडद्यावर एक अगम्य क्रमांक. कुणी सांगितलं नाही की तुमची बोली बंद केली आहे. मग गावातल्या दुरुस्तीवाल्यानं काय केलं? सेटिंगमध्ये जाऊन जुनी बोली पुन्हा चालू करून दिली, शंभर रुपये घेतले. झालं! न्हावा-शेव्यात जे दार बंद करायला एवढी किंमत मोजावी लागली, ते पेण-रोह्याला शंभर रुपयांत उघडलं गेलं. त्या पोराला आम्ही दोष देत नाही. त्याच्यापुढे गिऱ्हाईक उभं होतं.

मग जुनं टाकून नवं आणायचं कसं? याचं एक उत्तर याच किनाऱ्यावर आहे, उरणहून दक्षिणेला, अलिबागला, आणि ते शंभर वर्षांहून जुनं आहे. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं होत होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेचा प्रवाह शेजारून गेला की चुंबकसूची बिचकणार, हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभी केली, पोरबंदरच्या दगडात, लोखंडाचा स्पर्श टाळून. १९०४ ला ती सुरू झाली. पण मूस यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. साधारण दोन वर्षं, १९०६ पर्यंत, दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, दोन्हींतला फरक नक्की केला, आणि मगच जुनं थांबवलं. ट्राम १९०७ ला धावली. त्यामुळे कुलाबा आणि अलिबागच्या नोंदी आज एकाच साखळीसारख्या वाचता येतात. १८५९ च्या मोठ्या सौरवादळाची कुलाब्याची नोंद एकविसाव्या शतकात संशोधकांना उपयोगी पडली ती अशा जपणुकीमुळेच.

आता तुम्ही म्हणाल, एसएमबीच्या जुन्या आणि नव्या बोलीही शेजारी-शेजारी चालल्याच की! चालल्या. २००६ पासून २०१७ पर्यंत, अकरा वर्षं. मूस यांच्या पाचपट. पण मूस यांची दोन वर्षं मोजण्यात गेली, आपली अकरा वर्षं विसरण्यात गेली. जुन्या बोलीत अजून कोण बोलतंय याची यादीच कुणी केली नाही. आणि ती करणं अवघड नाही. अलीकडच्या विंडोज सर्व्हरला तशी आज्ञा देता येते: जुन्या बोलीत कुणी हाक मारली तर त्याचं नाव लिहून ठेव. बंद करू नकोस, फक्त लिही. महिनाभर असं लिहू द्यायचं, आणि महिना असा निवडायचा की त्यात मार्चअखेर किंवा ऑडिट यावं, म्हणजे वर्षातून एकदाच जागी होणारी यंत्रंही त्यात सापडतील.

मघाच्या त्या पतसंस्थेनं पुढे खराखुरा सर्व्हर घेतला, तेव्हा हेच करायला लावलं. मार्च महिना. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात यादी काढली. तीन नावं निघाली. एक, जुन्या कर्जखात्यांचा एक्सपीचा संगणक, तो अपेक्षितच होता; त्यावरच्या फायली हलवल्या आणि त्याची तार काढून घेतली. दुसरं, मॅनेजरच्या केबिनमधलं स्कॅनर. ते बदलेपर्यंत पेनड्राइव्हवर भागवायचं ठरलं. तिसरं नाव कुणाला ओळखू येईना. रोज रात्री दोन वाजता ते हाक मारत होतं. चोरबीर आहे की काय, म्हणून संचालक मंडळ घाबरलं. मग एका रविवारी स्विचमधून एकेक तार काढून, कुठली काढली की त्या नावाकडून उत्तर येणं थांबतं ते बघत गेलो. पुन्हा अन्वय-व्यतिरेकच. ती तार भिंतीतून जिन्याखालच्या खोलीत गेली होती. तिथे जुन्या पासबुकांच्या गठ्ठ्यांमागे, पडदा नसलेला, धुळीनं भरलेला एक डेस्कटॉप चालू होता. आधीच्या दुरुस्तीवाल्यानं कधीतरी तो तिथे बसवून दिला होता, आणि नवा सर्व्हर घेताना जुन्याचं नाव-पत्ता तसाच ठेवल्यामुळे त्याला बदल कळलाही नव्हता. संस्थेच्या सगळ्या फायलींची रोजची एकमेव प्रत तोच काढत होता.